चार-बी दुरुस्तीत आहे

दवाखान्याचं नाव राहू द्या. एकाचं नाव घेतलं की बाजूचे चार हात झटकून मोकळे होतात. नागपुरातला एका ट्रस्टचा दवाखाना, एवढं पुरे. खाली ॲडमिशनचा काउंटर, काउंटरमागे गणपतीचा फोटो, आणि फोटोखाली काचेआड माया ढोके.

कोणाला कुठला पलंग, हे माया ठरवायची. दुसऱ्या मजल्यावर दोन-दोन पलंगांच्या नऊ खोल्या. ए खिडकीकडचा, बी दाराकडचा, मध्ये पडदा, आणि दोघांत मिळून एक टेबल अन् टेबलावर पाण्याचा एक जग. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी ऑक्सिजनचा पॉइंट. खोल्यांत सोय झाली नाही की तळमजल्यावरचा हॉल. तिथे पलंग बारा आणि पॉइंट चार. ज्याची गरज आधी त्याला पलंग आधी, असं तीन भाषांत भिंतीवर लिहिलेलं होतं. ती पाटी मायाच्या पाठीमागे होती. येणाऱ्याला दिसायची, मायाला दिसायची नाही.

खरा नियम तिला वेदिका मॅडमने शिकवला. वेदिका मॅडम म्हणजे ऑफिसच्या हेड. कधी ओरडायच्या नाहीत, दिवाळीला सगळ्यांना स्वतः वाटलेल्या उटण्याची पुडी द्यायच्या.

"हे बघ माया, दोन अनोळखी माणसं आठ-आठ दिवस एका खोलीत झोपणार. मॅचिंग नको? गांधीबागेत साडी घेतलीस की ब्लाउजपीस कसलंही उचलतेस का? हे तसंच. जात-बित काही नाही गं त्यात. कम्फर्ट."

म्हणून त्याला मॅचिंग म्हणायचे. जात कोणी विचारायचंच नाही, ती काय विचारायची गोष्ट आहे? विचारायचं फक्त पूर्ण नाव, राहता कुठे, आणि जेवण साधं की अंडं-मटण चालतं. नावावरून निम्मं कळायचं, वस्तीवरून पाऊण, ताटावरून उरलेलं. तरी एखादा बोरकर नाहीतर वानखेडे मधेच अडकायचा, इकडचाही वाटायचा, तिकडचाही. मग माया मधासारख्या आवाजात विचारायची, "मूळ गाव कोणतं हो काका? लग्नकार्य कुठे असतं आपल्याकडे?" म्हातारी माणसं खूश होऊन सांगायची. दवाखान्यात इतक्या मायेनं कोण विचारतं!

आणि ही माया कोण? नंदनवनमध्ये राहणारी, गोपाळराव ढोके पोस्टमनची एकुलती एक मुलगी. घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब. म्हणजे याच मॅचिंगमध्ये तिला कोणी टाकलं असतं तर ती कुठे पडली असती हे तिला न विचारता ठाऊक होतं. म्हणूनच ती या कामात तरबेज होती. पोहणाऱ्यापेक्षा बुडालेल्याला पाण्याची खोली नीट माहीत असते.

एकदा डबा खाताना वेदिका मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "माया, तू वाटतच नाहीस गं." काय वाटत नाहीस ते त्यांनी सांगितलं नाही. मायानेही विचारलं नाही. चिवड्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि हसली. ते वाक्य तिनं दोन वर्षं बिल्ल्यासारखं छातीला लावून ठेवलं होतं.

आता दुरुस्तीची गोष्ट. ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एखाद्या मोठ्या घरच्या पेशंटचे नातेवाईक हळूच सांगायचे, "दुसऱ्या पलंगावर जरा बघून द्या हं कोणाला." मॅचिंगचं कोणी आलं तर प्रश्न नव्हता. पण दारात भलताच कोणी उभा असला, त्याला ऑक्सिजनची गरज असली आणि खोलीत पलंग रिकामा दिसत असला, तर नाही कसं म्हणायचं? म्हणून तो पलंग आधीच कॉम्प्युटरवर दुरुस्तीत टाकायचा. कारणाच्या रकान्यात लिहायचं, "ऑक्सिजन पॉइंट बंद." पलंग लगेच लाल. मग काउंटरवरून स्क्रीन फिरवून दाखवायची, "बघा ना, आमच्या हातात असतं तर दिलं नसतं का?" लाल पलंगाशी कोण भांडणार? मॅचिंगचा पेशंट आला की "दुरुस्ती पूर्ण." पलंग हिरवा. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोणी वर गेलेलं नसायचं. ही नोंद फक्त मायाच्या लॉगिनमधून व्हायची. पासवर्ड तिनं बापाचं नाव ठेवलं होतं. विसरणार नाही असं दुसरं काही तिला सुचलं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या सफाईच्या बाई, पुष्पलताबाई, आपल्या भावाला घेऊन आल्या होत्या. गवंडीकाम करणारा माणूस, छाती भात्यासारखी चाललेली. चार-बी लाल होता.

"मॅडम, चार-बी मीच पुसून आली आत्ताच," पुष्पलताबाई म्हणाल्या. "चांगला हाय पलंग. वाराबी येते त्या नळीतून."

"तुम्ही फरशीचं बघा पुष्पलताबाई. ऑक्सिजनचं इंजिनीअर बघतील."

भाऊ हॉलमध्ये तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी पुष्पलताबाईंनी त्याला नेलं, तोंडावर चादर घालून. पंधरवड्यानं त्या कामावर परतल्या.  फक्त तेव्हापासून चार नंबरची खोली पुसून झाली की काउंटरवर येऊन एवढंच सांगायच्या, "मॅडम, चार-बी पुसला. चांगला हाय." दररोज. मान वर न करता. मायाला तो आवाज नखानं पाटी खरवडल्यासारखा लागायचा. पण फरशी पुसणाऱ्या बाईची तक्रार कोणाकडे करायची, आणि काय म्हणून?

सोमवारी चार-ए पलंगावर कृष्णकांत सबनीस आले. निवृत्त साहेब, महाल भागातलं जुनं घराणं, भोसल्यांच्या काळापासून दप्तर सांभाळलेलं. हृदयाचा त्रास. मुलगा अनिश वकील. तो काउंटरवर वाकून फार सभ्यपणे म्हणाला, "मी तसलं काही मानत नाही हं. पण बाबा जुन्या वळणाचे आहेत. दुसऱ्या पलंगावर आपल्यातलंच कोणी..." आपल्यातलंच म्हणताना त्यानं मायालाही त्यात धरलं. माया सुखावली, खोटं कशाला बोला. चार-बी लाल झाला.

बुधवारी सकाळी गोपाळरावांना श्वास घेता येईना.

तीन दिवसांचा ताप होता. म्हातारा म्हणाला, उतरते. पंचाहत्तरीला आलेला माणूस, आयुष्यभर सायकल हाणलेली, त्याला ताप म्हणजे काय! त्या सकाळी मायानं चहा दिला तर कप ओठापर्यंत जाईना. तिनं ऑटो बोलावला आणि त्यांना आपल्याच दवाखान्यात आणलं. वाटेत गोपाळराव दम खात ऑटोवाल्याला सांगत होते, "भाऊ, हे माही पोरगी... तिथं ऑफिसर हाय. पलंग तिच्याच हातात राह्यतात." मायानं बाहेर पाहिलं.

ड्यूटीच्या डॉक्टरनं छाती ऐकली, बोटाला चिमटा लावला. "न्यूमोनिया. सतत ऑक्सिजन हवा, मॉनिटर हवा. हॉल नको. रूम दे."

हॉलमधले चारही पॉइंट भरलेले. वरच्या नऊ खोल्यांत सतरा पलंगांवर माणसं. अठरावा चार-बी.

माया वेदिका मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, बाबांना चार-बी द्यावा लागेल."

"अगं बाई, काय झालं त्यांना? बस आधी. पाणी घे." मॅडमनी स्क्रीन पाहिली. "पण चार-बी दुरुस्तीत आहे ना?"

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे? स्क्रीनवर दिसतं ते माहीत आहे. ऑक्सिजन पॉइंट बंद. टाकलं कोणी?"

"मी."

"मग?"

मॅडम खरोखरच उत्तराची वाट पाहत होत्या. बाहेर बाकावर गोपाळरावांची छाती वाजत होती, ती काचेच्या दारातून ऐकू येत होती. माया केबिनमधून उठली, काउंटरवर आली, बापाचं नाव टाइप करून लॉगिन उघडलं. दुरुस्ती पूर्ण. पलंग हिरवा. पेशंटच्या रकान्यात परत तेच नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं भिंतीवरच्या पाटीप्रमाणे पलंग दिला, आणि तोही बापाला.

पुष्पलताबाईंनी व्हीलचेअर वर नेली. पॉइंटला बाटली जोडली, नळी नाकाला लागली, बाटलीत बुडबुडे खळखळू लागले. दहा मिनिटांत गोपाळरावांच्या ओठांचा निळा रंग उतरला. पुष्पलताबाईंनी पॉइंटकडे पाहिलं, मग मायाकडे पाहिलं.

"चांगला हाय म्हटलं होतं न मॅडम," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

चार-एवरचे कृष्णकांत उठून बसले होते. गोरेपान, पांढरा शुभ्र बंडी-पायजमा. "या, या. बरं झालं. दोन दिवसांपासून भिंतीशी बोलून राहिलोय. पेपर वाचता? हे घ्या आतलं पान." आणि खरंच पेपरचं अर्धं पान त्यांनी टेबलावरून सरकवलं. माया दारात उभी होती. तिला वाटलं, उगीच घाबरले. चांगला माणूस आहे.

"नाव काय म्हणालात?"

"गोपाळराव. तुमी सबनीस साहेब न? महालात कोपऱ्यावरचं घर, निळा दरवाजा?"

"हो! तुम्ही कसं ओळखता?"

"अकरा वर्षं टपाल टाकलं न तुमच्या दारात." गोपाळराव नळीमागून हसले. "तुमची नोकरीची ऑर्डर म्याच आणली होती. रजिस्टर होतं. तुमच्या आईनं पेढा देल्ला होता."

"अरे, पोस्टमन!" कृष्णकांतांनी टाळी वाजवली. "काय योगायोग आहे बघा!"

"हाव न. तुमच्या आई उन्हाळ्यात मले पानीबी द्याच्या. भल्या बाई. पायरीच्या खाली उभं राहाचं, अशी ओंजळ कराची, आन त्या वरून धार सोडत." त्यांनी ओंजळ करून दाखवली. आवाजात राग नव्हता, टपालाचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. "भांडं लागू नये म्हणून लय उंचावरून सोडत. अर्धं त माह्या खाकी सदऱ्यावरच जाये."

कृष्णकांतांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. "जुना काळ होता हो. आईचं सोवळं फार."

"त मी काय म्हणून राहिलो साहेब? जुनाच काळ." गोपाळरावांनी हात लांब केला, टेबलावरचा जग उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि घटाघटा प्याले. "आता पाहा, मीच घेतो. या पोरीले विचारा. लहानी होती, दरवर्षी दीक्षाभूमीवर लोकं येत न बाहेरगावचे, तवा आमी पान्याचा स्टॉल लावत होतो. ही एवढीशी. दिवसभर पानी वाढे. हजारो लोकायनं पेलं असन हिच्या हातचं. छप्पन्न साली मी माह्या बापाच्या खांद्यावर होतो तिथं. पाच वर्षांचा. मले बाकी काही आठवत नाही, तहान लागली होती तेवढं आठवते. म्हणून तो स्टॉल."

"वा," कृष्णकांत म्हणाले. "छान." आणि पेपर तोंडासमोर धरला.

माया खाली उतरली तेव्हा कृष्णकांत फोनवर होते. जिन्यापर्यंत ऐकू आलं. "येताना घरून बाटली आण पाण्याची. हो, आणि टेबलही दुसरं द्या म्हणावं त्यांना."

दुपारी तीनला अनिश काउंटरवर आला. सोमवारचा सभ्यपणा तसाच, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"मायाताई, तुमचे वडील आहेत हे मला आता कळलं. फार गोड आहेत हो. बाबा म्हणतच होते, माणूस अगदी स्वच्छ आहे. पण तो खोकला... बाबांचं हृदय हे असं. झोप नाही झाली तर डॉक्टर मलाच विचारतील. तुम्ही समजू शकता. तुम्ही तर यातल्याच."

तो मायाशी बोलून थांबला नाही. सरळ वेदिका मॅडमच्या केबिनमध्ये गेला. पाच मिनिटांनी मॅडमनी मायाला आत बोलावलं.

"दार लाव. बस. हे बघ, सबनीसांचे व्याही ट्रस्टवर आहेत, तुला माहीत नव्हतं, माझीच चूक, मी सांगायला हवं होतं. बाबांना हॉलमध्ये घेऊ. पहिला पॉइंट सुटला की त्यांचा. माझा शब्द."

"मॅडम, डॉक्टरांनी हॉल नको म्हटलंय."

"डॉक्टर काय, पॉइंट खराब आहे कळलं की तेच म्हणतील सिलेंडर लावा."

"पॉइंट चांगला आहे, मॅडम."

वेदिका मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माया, मी आत्ता सहज बघत होते. तुझ्या लॉगिनवरून दोन वर्षांत एकशे बारा वेळा ऑक्सिजन पॉइंट बंद पडलेत. आणि इंजिनीअरकडे तक्रार किती? एकही नाही. हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? कोणाकोणाचे नातेवाईक हॉलमध्ये गेले असतील. मी तुला कधी एका कागदावर तरी लिहून दिलंय का, की असं कर?"

नव्हतं दिलं. मायानं आठवून पाहिलं. उटण्याच्या पुडीवर नाव लिहायच्या तेवढंच. बाकी एक अक्षर नाही.

"तुला त्रास व्हावा असं मला वाटेल का? तुझ्यासारखी मुलगी... तू तर वाटतही नाहीस." मॅडमनी तिचा हात दाबला. "जा. एक नोंद आहे फक्त. एकशे तेरावी."

आता इथे माया काय करू शकली असती, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. ओरडली असती, मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं असतं, राजीनामा तोंडावर मारला असता. तिनं यातलं काही केलं नाही. ती काउंटरवर आली, बापाचं नाव टाकलं, आणि बापाचा पलंग लाल केला. ऑक्सिजन पॉइंट बंद.  एकशे बारा वेळा केलेलं काम होतं, हाताला सवय होती.

डॉक्टरनं स्क्रीनवर लाल पाहिलं आणि मान न उचलता म्हणाला, "मग सिलेंडर लावून खाली घ्या." मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. शब्दन् शब्द.

माया वर गेली. मागे पुष्पलताबाई व्हीलचेअर आणि छोटा सिलेंडर घेऊन. चार-बीजवळचं टेबल गेलं होतं. त्याच्या जागी कृष्णकांतांच्या बाजूला नवं टेबल, त्यावर घरची स्टीलची बाटली. जुना जग जमिनीवर, दाराशी ठेवलेला, चपलांच्या रांगेत.

"बाबा, खाली जावं लागेल. या पलंगाचा ऑक्सिजन पॉइंट बंद आहे."

गोपाळरावांनी मान वळवून ऑक्सिजनच्या बाटलीकडे पाहिलं. खळखळ चालू होती.

"बंद हाय?" ते म्हणाले. "मंग हे बुडबुडे काय मी तोंडानं फुंकून राहिलो?"

पडद्यापलीकडे पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"बाबा, कॉम्प्युटरवर तसं आलंय. नियम आहे."

"काहून आलं? कोनं लिहिलं?"

माया नळीला हात घालत होती. उत्तर पुष्पलताबाईंनी दिलं. त्या सिलेंडरचा नट आवळत होत्या, वर न पाहता बोलल्या. "कम्प्युटरले हात नसतात बाबूजी. मॅडमच लिवतात. माह्या भावाच्या टायमालेबी हाच पलंग बंद होता. मी रोज पुसत होती, रोज चांगला होता. तो गेला, आन दुसऱ्या दिवशी म्हने एक शेटजी आले, तवा पलंग सुधरला."

"पुष्पलताबाई!" माया म्हणाली.

"मी काय खोटं बोलून राहिली का मॅडम?"

गोपाळरावांनी मुलीकडे पाहिलं. टपालखात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. पाकीट न फोडता आत काय असेल ते ओळखायची नजर. त्यांना दुसरा पुरावा लागला नाही.

"किती जनायले?" त्यांनी विचारलं.

माया नळी सिलेंडरला जोडू लागली.

"साहेब," त्यांनी पडद्याकडे पाहून आवाज दिला. दम लागत होता, तरी दिला. "येतो मी. पायरीवरून उतरून राहिलो."

पडद्याआडून गोड आवाज आला, "काळजी घ्या हं. लवकर बरे व्हा."

हॉलमध्ये त्यांना बारा नंबरचा पलंग मिळाला, संडासाच्या दाराजवळचा. सिलेंडरचा काटा अर्ध्यावर होता. छाती परत वाजायला लागली. माया धावत जाऊन पाण्याची बाटली आणि पेला घेऊन आली. पेला भरला, बापाच्या मानेखाली हात घातला.

गोपाळरावांनी तोंड फिरवलं.

"बाबा, घोटभर घ्या. ओठ सुकले."

"तुह्या हातचं नोको."

"बाबा..."

"सबनीसाच्या आईनं वरून देल्लं, पण देल्लं त." त्यांना वाक्यामध्ये तीनदा थांबावं लागलं. "तू त नळीतला वारा बंद केला. लोकायचा. पोरी, तुह्या हातचं पानी मले चालत नाही."

आजूबाजूच्या पलंगांवरची माणसं पाहत होती. हॉलमध्ये पडदे नसतात. माया पेला हातात धरून उभी राहिली. पुष्पलताबाईंनी तिच्या हातून पेला घेतला नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून दुसरा भरून आणला आणि गोपाळरावांच्या ओठाला लावला. म्हातारा प्याला. थेंब न सांडता.

मग तो म्हणाला, "मले मेडिकलले ने. सरकारी बरं. तिथं पलंग खराब राहिला त खरंच खराब राह्यते."

डॉक्टर रागावला, पेशंटला हलवणं धोक्याचं आहे म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. गोपाळरावांनी कागद मागितला. स्वतःच्या जबाबदारीवर सुट्टी, खाली सही. चाळीस वर्षं लोकांच्या सह्या घेतलेल्या माणसानं स्वतःची सही काना-मात्रेसकट नीट केली. ॲम्ब्युलन्समध्ये माया चढायला गेली, तर त्यांनी तळहात दाखवून थांबवलं. पुष्पलताबाई ड्यूटी सोडून त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला गेला.

ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली आणि काउंटरवरचा फोन वाजला. वेदिका मॅडम.

"माया, सावर गं स्वतःला. एक काम होतं. सबनीसांच्या ओळखीचे एक गृहस्थ येताहेत, प्रोफेसर आहेत, ॲडमिट करायचंय. अनिश म्हणतो बाबांना सोबत होईल. चार-बी झाला का दुरुस्त?"

मायानं घड्याळात पाहिलं. पलंग लाल होऊन पाऊण तास झाला होता.

"झाला, मॅडम," ती म्हणाली. आणि हिरवा केला.

गोपाळराव मेडिकलमध्ये चौथ्या दिवशी वारले. तिथे त्यांना पलंग मिळाला होता, ऑक्सिजन मिळाला होता. शेजारी कोण आहे ते कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाला, त्या दिवशीची हलवाहलव नको होती. माया चारही दिवस वॉर्डाच्या दाराशी बसून होती. आत जायची, तेव्हा ते डोळे मिटायचे.

जलदान विधी नंदनवनच्या विहारात झाला. वस्ती लोटली होती. जुने पोस्टमन आले, पाण्याच्या स्टॉलवर कधीकाळी उभी राहिलेली पोरं आता पोटं सुटलेली माणसं होऊन आली. दवाखान्याकडून हार आला. शेवटी भंतेजी म्हणाले, "मुलीनं पुढे यावं." एका तांब्यातून धार सोडायची, खालचं भांडं भरून वाहेपर्यंत. जे गेले त्यांच्या नावानं. कोणीतरी मागून म्हणालं, "पानी सोड वं माया. तुह्याच हातचं पाह्यजे त्याइले."

सगळ्या विहारात एकच बाई होती जिला माहीत होतं. ती मागच्या रांगेत, पदर खोचून बसली होती.

मायानं धार सोडली. भांडं भरलं, वाहिलं, ताट भरलं, पाणी तिच्या गुडघ्याखाली आलं. भंतेजींनी दोनदा "झालं" म्हटल्यावर तिचा हात थांबला.

बाहेर येऊन ती चपला शोधत होती, तेव्हा पर्समध्ये मोबाइल थरथरला. वेदिका मॅडमचा मेसेज होता. आधी दोन जोडलेले हात. मग: "माया, बाबांबद्दल फार वाईट वाटलं. गडबडीत विचारतेय, राग मानू नको. सात-बी दुरुस्तीत टाकायचाय, पेशंट दारात उभा आहे. तुझंच लॉगिन लागतं. पासवर्ड पाठव ना. काळजी घे."

पुष्पलताबाई शेजारी येऊन चप्पल घालत होत्या. "कोनाचा?"

"ऑफिसचा."

"हाव," पुष्पलताबाई म्हणाल्या. "असन एखादा पलंग." आणि चालायला लागल्या.

माया विहाराच्या भिंतीला टेकली. बोटं अजून ओली होती. तिनं बापाचं नाव टाइप करायला घेतलं. ओल्या बोटानं अक्षर चुकलं, पुसलं, परत चुकलं. तिनं बोट पदराला कोरडं पुसलं. मग सरळ गेलं.